निघतानाची आवराआवर

कॉम्प्युटरवर लिहून झाल्यावर उठणं हे आमच्या पिढीसाठी वेगळं काम होतं. लिहिणं संपलं तरी आवरणं बाकी असायचं. फाइल साठवायची, तिची नक्कल काढायची, नक्कल नीट उतरली का ते बघायचं, नको त्या फाइली पुसायच्या आणि मगच यंत्र बंद करायचं. आज लिहिणारा माणूस लॅपटॉपचं झाकण मिटतो आणि उठतो. पूर्वी शेवटचं वाक्य पुरं झालं तरी आमची सुटका नसायची. आता शेवटचं वाक्य अर्धं राहिलं तरी कुणी काही विचारत नाही.

या दोन टोकांच्या मधे एक काळ येऊन गेला. त्या काळात आवरण्याची ही कामं आम्ही एडिटरलाच शिकवली. बंद होताना त्याने आपणहून कोणत्या कमांड चालवायच्या हे आम्ही एका फाइलीत लिहून ठेवायचो आणि तो त्या इमानाने चालवायचा. हाताने आवरणारे आम्हीच होतो, यंत्राला आवरायला शिकवणारेही आम्हीच, आणि आवरण्याची गरजच न उरलेल्या एडिटरसमोर आज बसलेलेही आम्हीच. त्यामुळे या तिन्हींची तुलना करायला आम्ही लायक आहोत, पण जुन्याला झुकतं माप देण्याची भीतीही आमच्याच बाबतीत जास्त आहे. ती भीती मनात ठेवूनच हे लिहितो आहे.

आधी हाताचा काळ. वर्डस्टार या एडिटरमधे कण्ट्रोल-के दाबून पुढे डी दाबलं की फाइल साठवून मेन्यूवर परत यायचं. एस दाबलं की साठवून पुढे लिहीत राहायचं. एक्स दाबलं की साठवून थेट डॉसच्या काळ्या पडद्यावर. आणि क्यू दाबलं की केलेलं सगळं टाकून बाहेर. चार अक्षरं होती आणि चार निर्णय होते. कोणता घ्यायचा हे दर वेळी ठरवावं लागे. डॉसवर आलं की सव्वापाच इंची फ्लॉपी खोबणीत सरकवायची, दांडी फिरवायची, कॉपीची कमांड द्यायची आणि एक फाइल उतरली असं पडद्यावर येईपर्यंत ड्राइव्हची घरघर ऐकत थांबायचं. तेवढ्यावर आमचा विश्वास बसत नसे. मग फ्लॉपीवरची यादी काढायची आणि फाइलीचे बाइट मूळ फाइलीशी ताडून बघायचे. ३६० केबीची ती फ्लॉपी भरत आली असेल तर काय पुसायचं यावर विचार करायचा. चिकटपट्टी लावून बाजूची खाच बंद केली की त्या फ्लॉपीवर पुन्हा काही लिहिलं जात नसे, म्हणून काम पुरं झालेल्या फ्लॉपीला ती पट्टी लावायची. लेबलवर नाव आधी लिहायचं आणि मग ते चिकटवायचं, कारण चिकटवलेल्या लेबलवर बॉलपेन दाबलं तर आतली चकती दुखावते, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं असायचं.

हार्ड डिस्क असलेलं यंत्र असेल तर आणखी एक पायरी. पार्क नावाची कमांड द्यायची. तिने डिस्कची वाचणारी-लिहिणारी टोकं मजकूर नसलेल्या भागावर जाऊन उभी राहायची, म्हणजे वीज गेल्यावर ती मजकुरावर टेकून ओरखडा पडायला नको. मग स्विच, मग धूळ अडवणारं आच्छादन, मग दाराशी ठेवलेल्या वहीत बाहेर पडण्याची वेळ आणि सही, आणि शेवटी लॅबबाहेर काढून ठेवलेल्या चपला.

आज यातलं काहीही करावं लागत नाही. डिस्कची टोकं आपली आपण बाजूला होऊ लागली आणि पार्कची कमांड विस्मरणात गेली. पुढे तर टोकं नसलेल्याच डिस्क आल्या. २०११ साली ॲपलने आपल्या लायन या प्रणालीत फाइली आपोआप साठवायला सुरुवात केली आणि बंद केलेल्या खिडक्या पुन्हा होत्या तशा उघडून द्यायची सोय केली. २०१५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडमधे नाव न दिलेली, न साठवलेली फाइल तशीच टाकून बाहेर पडता येतं. पुढच्या वेळी ती जिथल्या तिथे हजर असते. विण्डोज ११ मधला साधा नोटपॅडही आता तसंच वागतो. गूगल डॉक्समधे तर साठवण्याचं बटणच शोधून सापडत नाही. आम्ही बोटांनी जे करत होतो ते आता श्वासासारखं आत चालू असतं.

आणि ते चांगलं आहे, हे आधी स्वच्छ सांगायला हवं. फ्लॉपी दगा द्यायची. पडद्यावर सोडून देऊ, पुन्हा करू की हरलो म्हणू अशा अर्थाचा तीन पर्यायांचा प्रश्न यायचा आणि कोणतंही अक्षर दाबलं तरी प्रबंधाचं प्रकरण परत यायचं नाही. कॉपीची कमांड उलट्या दिशेने दिली गेली तर कालची जुनी फाइल आजच्या नव्या फाइलीवर जाऊन बसायची आणि डॉस एका शब्दानेही हटकायचं नाही. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं आली तेव्हा किती जणांची पानं यूपीएसच्या शेवटच्या आचक्यासरशी गेली असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. जुन्या पद्धतीत शिस्त होती. पण ती शिस्त न जमणाऱ्याला शिक्षा फार मोठी होती. पहिल्यांदाच कीबोर्डला हात लावणाऱ्या विद्यार्थ्याने महिनाभराचं काम गमवावं, एवढा त्याचा काही अपराध नसायचा.

म्हणूनच आम्हाला पहिली युक्ती सुचली ती भीतीतून. डॉस सुरू होताना ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाची फाइल वाचायचं आणि तिच्यातल्या कमांड क्रमाने चालवायचं. सुरुवातीसाठी अशी फाइल होती, शेवटासाठी नव्हती. मग कुणीतरी दाखवलं की शेवटाची फाइल आपणच बनवू शकतो. बॅच फाइलीच्या पहिल्या ओळीत एडिटरचं नाव आणि लिहायच्या फाइलीचं नाव, दुसऱ्या ओळीत ती फाइल फ्लॉपीवर उतरवायची कमांड, तिसऱ्या ओळीत उरलेल्या जुन्या प्रतींच्या, म्हणजे बीएके फाइली पुसायची कमांड. डॉस एका वेळी एकच काम करायचं. एडिटर चालू असेपर्यंत बॅच फाइल पहिल्या ओळीवर थांबून राहायची. आपण एडिटर बंद केला की ती दुसऱ्या ओळीवर यायची. एडिटरला याचा पत्ताही नसायचा. त्याच्या बाहेर पडण्याची वाट बघत दाराशी कुणीतरी उभं आहे, एवढीच ती व्यवस्था. पण ती पहिल्यांदा चालली तेव्हाचा आनंद मोठा होता. आम्ही कण्ट्रोल-के-एक्स दाबलं आणि आमचा हात कीबोर्डवरून उचललेला असताना फ्लॉपीचा दिवा आपोआप लागला.

आज ही युक्ती सगळ्या जगाच्या पायाशी आहे आणि म्हणूनच ती कुणाला दिसत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधे बदल नोंदवताना, म्हणजे कमिट करताना, संदेश लिहायला एडिटर उघडतो, आणि गिट आपल्या त्या बॅच फाइलीसारखं दाराशी थांबतं. एडिटर बंद झाला की ते संदेश उचलतं. संदेश रिकामा असेल तर कमिट रद्द करतं. सर्व्हरवर ठरावीक वेळी चालायच्या कामांची यादी क्रॉनटॅबमधून बदलली तर एडिटर बंद होताक्षणी नवी यादी तपासून लागू होते. कुणाला किती अधिकार द्यायचे ते ठरवणारी सूडोअर्सची फाइल व्हीआयसूडो या कमांडने उघडली तर एडिटर बंद झाल्यावर तिचं व्याकरण तपासलं जातं, आणि चूक सापडली तर ती फाइल लागू न करता आता काय करायचं असं विचारलं जातं. सगळीकडे तत्त्व तेच आहे: एडिटर बंद होणं हा लिहिणाऱ्याने दिलेला होकार आहे. नकार द्यायचा असेल तर व्हिम या एडिटरमधे कोलन-सी-क्यू असं लिहून बाहेर पडायचं. मग एडिटर मागे चूक झाल्याचा संकेत ठेवून जातो आणि गिट समजतं की लिहिणाऱ्याचं मन बदललं आहे. आजचा तरुण प्रोग्रामर दिवसातून अनेकदा हे करतो. आम्हाला ते हाताने बांधावं लागलं होतं, म्हणून त्यातली मौज आम्हाला कळते. त्याला ते आयतं मिळालं, म्हणून त्याचं काम लवकर होतं. दोन्ही खरं आहे.

युनिक्सवर गेलेल्यांची आवराआवर आणखी निराळी होती. तिथला एडिटर व्हीआय. बिल जॉय यांनी तो १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला. ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर त्यांनी तो लिहिला त्यावर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेल्या होत्या, आणि एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागी होती. म्हणून पुण्यामुंबईत बसलेली आमची बोटंही कर्सर हलवायला तीच चार अक्षरं शोधत राहिली. बाहेर पडायला कोलन-डब्ल्यू-क्यू. नाहीतर शिफ्ट धरून दोनदा झेड. यातही बारीक फरक होता. पहिल्या रीतीने फाइल हमखास पुन्हा लिहिली जायची. दुसऱ्या रीतीने काही बदललं असेल तरच. जाणते लोक दोनदा झेड दाबायचे, कारण बदल न करता फाइलीची तारीख बदलली तर मेक हा प्रोग्राम तिला नवी समजून सगळं पुन्हा बांधायला घ्यायचा.

यंत्र बंद करण्याआधी सिंक ही कमांड द्यायची, तीही तीनदा, दर वेळी एण्टर दाबून. युनिक्स मजकूर आधी स्मरणात ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. सिंक म्हणजे ते आत्ता उतरव असं सांगणं. पण जुन्या यंत्रांत उतरवून होण्याआधीच कमांड परत यायची. दुसरी आणि तिसरी सिंक टाइप करायला जो वेळ लागे त्यात डिस्कचं काम पुरं होई. एकाच ओळीत तीनदा लिहिली तर हा फायदाच जायचा. पुढे डिस्क बदलल्या, कारण उरलं नाही, तरी कित्येकांची बोटं तीनदा सिंक टाइप करत राहिली.

आज अशी सवय कुणी नव्याने लावून घेत नाही, आणि तिचं कारण सांगितलं तर ऐकणाऱ्याला ती अंधश्रद्धा वाटते. तिचा शेवटचा काळ तसाच होता, हे मान्य. पण तिच्यामागे यंत्राविषयीची खरी समज होती: मजकूर पडद्यावर दिसतो म्हणजे तो कुठेतरी टिकला आहे असं नव्हे. ही समज आजही तितकीच खरी आहे. फक्त आता मजकूर आपल्या टेबलाखालच्या डिस्कवर नसतो, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर असतो, आणि त्याची काळजी वाहायला आपल्या बोटांना काही कामच दिलेलं नाही.

मग आला व्हिम, आणि मघाशी म्हटला तो मधला काळ. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी तो अमिगा यंत्रासाठी लिहायला घेतला आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवला. जुना व्हीआय सुरू होताना एक्सआरसी नावाची फाइल वाचायचा. बंद होताना वाचायला त्याच्याकडे काही नव्हतं. गंमत म्हणजे बिल जॉय यांनीच लिहिलेल्या सी शेलमधे निरोपाची सोय होती: लॉगआउट होताना डॉट-लॉगआउट नावाची फाइल वाचली जायची. व्हिमने ऑटोकमांड आणल्या आणि ती सोय एडिटरच्या आत आली. फाइल उघडली की अमुक कर, साठवण्याआधी तमुक कर, साठवल्यावर हे कर, आणि निघताना ते कर. निघतानाचे क्षण दोन ठेवले होते: व्हिम-लीव्ह-प्री आणि व्हिम-लीव्ह. त्या दोन क्षणांच्या मधे व्हिम आपली आठवणींची फाइल लिहितो, म्हणजे कोणत्या फाइलीत कर्सर कुठे होता, शेवटी काय शोधलं होतं, कोणत्या कमांड दिल्या होत्या. या आठवणींत काही भर घालायची असेल तर पहिल्या क्षणी घालायची. आठवणी लिहून झाल्यावरची झाडलोट दुसऱ्या क्षणी.

लोकांनी त्या ओळींत काय काय लिहिलं होतं! कुणी निघताना सगळ्या उघड्या खिडक्यांची मांडणी साठवून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी टेबल जसंच्या तसं. कुणी लेटेकमधे प्रबंध लिहायचं. त्यांच्याकडे निघताना मागे पडलेल्या ऑक्स, लॉग, टॉक अशा फाइली पुसल्या जायच्या. कुणाच्या टिपणांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जायची, कुणाची गिटमधे दिनांकासह नोंद व्हायची. कुणी फक्त टर्मिनलचा कर्सर होता तसा परत करायचं आणि खिडकीचं नाव पूर्ववत करायचं. पाहुण्याने निघताना खुर्ची जागेवर सरकवावी तसं. इमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांकडे याच कामासाठी किल-इमॅक्स-हुक होतं, आणि त्यांची आणखी एक सोय आम्हाला हेवा वाटावा अशी होती: बंद होण्याआधी इमॅक्स एका यादीतल्या फंक्शनांना विचारायचा, आणि त्यांतल्या एकाने जरी नाही म्हटलं तरी तो बंद व्हायचा नाही.

आजच्या एडिटरमधे अशा ओळी कमी दिसतात. लोक आता साठवण्याच्या क्षणाला कमांड बांधतात, बंद करण्याच्या क्षणाला फारशा बांधत नाहीत. साठवलं की मांडणी सुधारते, ओळीच्या शेवटची रिकामी जागा निघून जाते, चुका लाल होतात. गो भाषेबरोबर गोफमट हे मांडणी सुधारणारं साधन आलं आणि कंस कुठे टाकायचा, टॅब की स्पेस, असले आमच्या ऑफिसांतले वाद एका फटक्यात संपले. चाचण्या चालवणं, बांधणी करणं ही कामं कमिटला आणि पुशला जोडली गेली आणि ती आता दुसऱ्याच यंत्रावर होतात. यात शहाणपण आहे. एडिटर आठवडे-आठवडे उघडाच राहत असेल तर त्याच्या बंद होण्यावर महत्त्वाचं काम अवलंबून ठेवणं बरोबर नाही. पण या बदलाचा अर्थ असाही आहे की कामाला आता फक्त मधले टप्पे उरले. शेवटाचा टप्पा कुणी ठेवलाच नाही, मग त्याला कमांड कुठे बांधणार?

आमच्या त्या ओळींचे दोषही सांगायला हवेत. निघतानाच्या कमांड नीट निघालात तरच चालतात. टर्मिनलची जोडणी तुटली तर व्हिमला निदान चाहूल लागते. तो प्राणघातक संकेत पकडतो आणि व्ही-डाइंग नावाच्या चलात तशी खूण करतो. त्याच्या मदत-पानात या चलाचं उदाहरण म्हणून पडद्यावर किंचाळी छापणारी ओळ दिलेली आहे. पण वीज गेली किंवा कुणी प्रोग्राम तिथल्या तिथे मारणारी किल-नाइनची कमांड दिली, तर एकही ओळ चालत नाही. म्हणजे ज्या संकटासाठी नक्कल हवी, नेमकं तेव्हाच नक्कल निघत नसे. अशा वेळी आम्हाला वाचवलं ते निघतानाच्या कमांडने नव्हे, तर व्हिम मधूनमधून गुपचूप लिहीत असलेल्या स्वॅप फाइलीने. म्हणजे आजच्या सततच्या साठवणीच्याच एका पूर्वजाने. शिवाय कमांड नेटवर्कवर काही पाठवत असली आणि नेट नसलं, तर एडिटर बंद व्हायचाच नाही. फाइल नुसती वाचायला उघडली तरी निघताना सगळा सोपस्कार व्हायचा. आणि दुसऱ्याच्या फोल्डरमधे ठेवलेली एक्सआरसी फाइल आपल्या नकळत चालली तर काय काय होऊ शकतं, हे ध्यानात घेऊनच व्हिम ती सोय मुळात बंद ठेवतो. आपोआप चालणाऱ्या कमांडवर डोळा ठेवावा लागतो. आणि त्या आपोआप चालतात म्हणूनच त्यांच्यावर कुणाचा डोळा राहत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत जुन्या आवराआवरीचा लळा लागण्यासारखं काहीच नव्हतं, तरीही ती आठवते. पुण्यात १९८८ साली सीडॅक ही संस्था सुरू झाली, पुढे तिथलं आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी आणि आकृती ही मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर आली, आणि दिवाळी अंकांची पानं डीटीपीवर लागू लागली. प्रत्येकाची अक्षरांची आतली मांडणी वेगळी. त्यामुळे पान लावून झालं की डीटीपी ऑपरेटर फाइलीबरोबर फॉण्टही फ्लॉपीवर किंवा पुढे सीडीवर उतरवायचा. फॉण्ट राहिला तर छापखान्यात ‘दीपावली’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उघडायची. म्हणून पाकिटावर लेखाचं नाव, फॉण्टचं नाव आणि आवृत्ती लिहिलेली असायची, आणि सोबत एक छापील प्रत, म्हणजे पडद्यावर काहीही दिसलं तरी खरं काय आहे ते कागद सांगेल.

आता युनिकोड आहे. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून त्यात देवनागरी होती. आपल्या टेबलापर्यंत यायला तिला बरीच वर्षं लागली, पण आली. आज मराठीत लिहिलेली साधी मजकूर-फाइल रत्नागिरीतल्या फोनवर आणि शिकागोतल्या लॅपटॉपवर सारखीच उघडते. या सुखाच्या बदल्यात पाकिटावरची ती तीन ओळींची नोंद गेली, आणि हा सौदा कुणीही आनंदाने करेल. फक्त त्या नोंदीतून एक गोष्ट कळायची: हे पान इथे पुरं झालं, अमुक माणसाने, अमुक तारखेला पुरं केलं. आता फाइल पोचते, पण ती पुरी झाली की नाही हे फोन करून विचारावं लागतं. मग नावापुढे फायनल, फायनल-टू, फायनल-खरंच अशी शेपटं वाढत जातात.

नाव देणं हाही बंद करण्याचाच भाग होता. डॉसमधे नावाला आठ रोमन अक्षरं आणि शेपटाला तीन. एवढ्यात कथा, पत्र, हिशेब ओळखू यायला हवा. त्यामुळे आपण लिहिलं ते नेमकं काय आहे, याचा विचार उठण्याआधी एकदा व्हायचाच. आज नावाला तेवढी मर्यादा नाही आणि म्हणून सक्तीही नाही. कित्येकांच्या एडिटरमधे बिननावाच्या फाइलींची रांग लागलेली असते. त्यात एखादी चांगली कल्पना असते, एखादा दूरध्वनी क्रमांक, एखादं अर्धं पत्र. यंत्राने त्यातलं काहीही हरवू दिलेलं नाही. आणि लिहिणाऱ्याने त्यातलं काय ठेवायचं ते ठरवलेलं नाही.

टाकून देणंही गेलं. व्हीआयमधे कोलन-क्यू लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं की तासाभराचं लिखाण मिटायचं. उद्गारचिन्ह नसेल तर एडिटर अडवायचा; असेल तर तुमचा शब्द मानायचा. काही वेळा त्या तासात एवढंच कळलेलं असायचं की हा रस्ता चुकीचा आहे. ते लिखाण टाकून उठताना मन हलकं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी कोरं पान मिळायचं. आता प्रत्येक चुकीचा रस्ता जपून ठेवलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी एडिटर उघडला की आपण पुन्हा त्याच्याच मधोमध उभे असतो.

व्हिमचे कर्ते मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमधे गेले. तोपर्यंत, तीस वर्षांहून जास्त काळ, व्हिमची जबाबदारी त्यांच्याकडे होती. फाइलीचं नाव न देता व्हिम उघडला की पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं आवाहन यायचं, अजूनही येतं; किबाले गावच्या मुलांसाठी ते पैसे जात. आमच्यातल्या अनेकांनी ती ओळ हजारदा पाहिली आणि त्यांच्या निधनाच्या बातमीनंतर पहिल्यांदा नीट वाचली. व्हिमच्या त्या दोन निघतानाच्या ऑटोकमांड मात्र कायम आहेत, आणि व्हिममधूनच २०१४ साली फुटलेल्या निओव्हिममधेही त्याच नावाने आहेत. म्हणजे सोय गेलेली नाही. गेली आहे ती सोय वापरण्याची वेळ, कारण आम्ही एडिटर बंद करत नाही.

तेव्हा फ्लॉपी परत यावी असं वाटत नाही, पार्कची कमांडही नको, आणि ऐन भारनियमनात प्रबंध लिहिणारा विद्यार्थी तर नकोच. नक्कल काढणं, झाडलोट करणं, व्याकरण तपासणं ही कामं यंत्र आमच्यापेक्षा चांगली करतं आणि त्यानेच ती करावीत. पण त्या कामांच्या निमित्ताने आमच्याकडून आणखी एक काम आपसूक होत होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं: आज काय झालं, यातलं काय ठेवायचं, उद्या कुठून सुरू करायचं, याचा विचार. ते काम पूर्वी यंत्राच्या दुबळेपणामुळे व्हायचं. आता यंत्र सबळ झालं आहे, तर ते आपणहून करावं लागेल.

त्यासाठी त्या जुन्या बॅच फाइलीचीच रीत पुरे आहे. शेलमधे तीन ओळींचं एक फंक्शन: पहिल्या ओळीत एडिटर उघडायचा, तो बंद झाला की दुसऱ्या ओळीने आजच्या कामाबद्दल एक वाक्य मागायचं, तिसऱ्या ओळीने ते वाक्य तारखेसह रोजनिशीच्या फाइलीला जोडायचं. वाक्य सुचलं नाही तर नुसतं एण्टर दाबायची मुभा ठेवायची, म्हणजे त्याची सक्ती होणार नाही. एवढं केलं की एडिटर रोज संध्याकाळी खरोखर बंद करावा लागतो, कारण बंद केल्याशिवाय तो प्रश्न येत नाही. पहिले काही दिवस उत्तरं त्रोटक येतील. महिन्याभराने ती फाइल उघडून वाचावी. कोणत्या कामाला किती दिवस दिले आणि कोणतं काम रोज उद्यावर ढकललं, हे तिच्यात सलग दिसेल, आणि ते दाखवणारी दुसरी कोणतीही फाइल आपल्या यंत्रावर आपोआप तयार झालेली नसेल.